काश्मीरचा कहवा आणि गुडघ्यांचे दुखणे

श्रीनगरात २१ डिसेंबरला जो चाळीस दिवसांचा काळ सुरू होतो, त्याला काश्मिरी माणूस ‘चिल्लई कलान’ म्हणतो, म्हणजे थोरली थंडी. तिच्या पाठोपाठ वीस दिवसांची ‘चिल्लई खुर्द’ ही धाकटी थंडी येते आणि शेवटी दहा दिवसांची ‘चिल्लई बच्चा’. नावे कौतुकाची आहेत, थंडी मात्र कौतुकाची नाही. नळांतले पाणी गोठते, दल सरोवराच्या कडेकडेने बर्फाची साय धरते, वळचणीला बर्फाच्या सुया लोंबू लागतात. सूर्य साडेसातच्या सुमारास उगवतो आणि संध्याकाळी साडेपाचच्या आतच डोंगराआड जातो. अशा दिवसांत झेलमच्या काठावरील जुन्या वस्तीतील म्हाताऱ्या माणसाला अंथरुणातून उठून पहिले पाऊल टाकायचे म्हणजे एक संकल्पच करावा लागतो. गुडघे रात्रभरात जणू गंजलेले असतात.

त्या पहिल्या पावलाच्या आधी किंवा लगेच नंतर त्याच्या हातात जो पेला येतो, त्याची कीर्ती आता काश्मीरच्या बाहेर पोहोचली आहे. दल सरोवराच्या काठावर, लाल चौकातील सुक्या मेव्याच्या दुकानांत, पहलगामच्या रस्त्यावर, जिथे जिथे प्रवासी थांबतात तिथे तिथे कहव्याचा पेला पुढे येतो आणि त्यासोबत एक वाक्यही येते. प्रवाशांत कोणी वयस्कर बाई दिसली, त्यातून ती जिन्याचा कठडा धरून उतरताना दिसली, की दुकानदार आवर्जून म्हणतो, “माताजी, घुटनों के लिए अव्वल चीज है. एक महिना पीजिए, फिर देखिए.” माताजी पेला घेतात. पेल्यातील ऊब घशातून खाली उतरते, बोटे शेकली जातात आणि खरोखरच बरे वाटते. परतीच्या सामानात दोन-चार पाकिटे भरली जातात.

हे बरे वाटणे खोटे नाही. ते नेमके कोठून येते, हा प्रश्न मात्र पाकिटे घेण्यापूर्वी विचारण्यासारखा आहे. जैन घरांत तर तो अधिकच विचारण्यासारखा आहे, कारण तिथे गुडघा हा केवळ चालण्याचा अवयव नसतो. खमासमण देताना तो भूमीला टेकतो, पंचांग नमस्कारात तो वाकतो, सामायिकाच्या ४८ मिनिटांत तो निश्चल मुडपलेला राहतो. सम्मेदशिखराची चढण, टोंकांची वंदना आणि उतरण मिळून २७ किलोमीटरची वाट त्याच्याच बळावर पार पडते. मांगी-तुंगीच्या आणि शत्रुंजयाच्या हजारो पायऱ्यांचे तेच. ज्या श्राविकेने उभ्या आयुष्यात कधी डोलीत बसून यात्रा केली नाही, तिला साठीनंतर डोलीवाल्याशी दर ठरवावा लागतो तेव्हा तिचे दुःख हाडांपुरते राहत नाही. म्हणूनच ‘एक महिना पिऊन पाहा’ हे वाक्य तिच्या कानांत इतर कोणाहीपेक्षा खोल उतरते.

कहवा या शब्दाचे मूळ अरबी आहे आणि अरबीत त्याचा अर्थ कॉफी असा होतो. काश्मिरात त्या नावाने जे प्यायले जाते त्यात कॉफीचा दाणाही नसतो. हिरव्या चहाची पाने, वेलदोडा, दालचिनी, क्वचित लवंग, केशराचे तीन-चार तंतू, वर बदामाचे पातळ काप आणि गोडीसाठी साखर, एवढाच त्याचा संसार. दूध नाही. काश्मिरी पंडितांत याच चहाला ‘मोगल चाय’ असेही म्हणत. बाहेरच्यांचा पुष्कळदा असा समज असतो की काश्मिरी घरात दिवसभर कहवाच उकळत असतो. वस्तुस्थिती तशी नाही. रोजचा, सकाळ-दुपारचा चहा म्हणजे ‘नून चाय’. मीठ, सोडा आणि दूध घातलेला, गुलाबी रंगाचा हा चहा कांदुराकडच्या, म्हणजे भट्टीवाल्याकडच्या, ताज्या रोट्यांबरोबर घेतला जातो. कहवा त्या मानाने मानाचा. पाहुणा आला, लग्नाची पंगत उठली, सणाचा दिवस उजाडला किंवा थंडीने हद्द केली म्हणजे कहवा.

तो होतो समोवारात. मध्य आशियातून आणि रशियाकडून आलेल्या या भांड्याला काश्मिरी तांबटांनी आपले रूप दिले. मुसलमानांच्या घरी ते बहुधा तांब्याचे, आतून कल्हई केलेले, तर पंडितांच्या घरी पितळेचे. मधोमध एक उभी नळी असते, तिच्यात धगधगता कोळसा टाकतात आणि नळीभोवतीच्या पाण्यात पाने व मसाले संथपणे उतरत राहतात. बाहेरून पाहिले तर नक्षीदार सुरई वाटावी, आत मात्र चूल. १९९० नंतर खोरे सोडावे लागलेल्या पंडित कुटुंबांनी जम्मू, दिल्ली, पुणे अशा ठिकाणी नवे संसार मांडले, तेव्हा घाईघाईने बांधलेल्या सामानात समोवारही होता. पुण्यात कोळशाची गरज कोणालाच नव्हती, तरी भांडे जपले गेले. शिवरात्रीला, काश्मिरी भाषेत ‘हेरथ’ला, ते बाहेर काढून घासून ठेवणारी घरे आजही आहेत.

आता पेल्यात उतरलेल्या द्रव्यांकडे. हिरव्या चहातील पॉलिफेनॉल या द्रव्यांचा सांध्यांच्या दाहाशी संबंध आहे का, याचा शोध शास्त्रज्ञांनी घेतलेला आहे. पिण्याच्या पाण्यातून ही द्रव्ये दिलेल्या उंदरांत प्रयोगशाळेत घडवून आणलेला संधिवात कमी प्रमाणात झाला, असे सांगणारा एक अभ्यास १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्याचा बराच बोलबाला झाला. दालचिनी, वेलदोडा, लवंग यांतही दाह शमवणारी द्रव्ये प्रयोगनळीत दिसतात. केशरावर तर प्रत्यक्ष रुग्णांतही काही लहान चाचण्या झाल्या आहेत. पाकिटावरील मजकूर नेमका येथेच थांबतो. पुढचे गणित तो करत नाही आणि ते गणित अवघड मुळीच नाही. एक किलो केशरासाठी सुमारे दीड लाख फुले लागतात. प्रत्येक फुलात तीन तंतू, म्हणजे किलोला साडेचार लाख तंतू, म्हणजेच एका तंतूचे वजन दोन मिलिग्रॅमच्या आसपास. पेल्यात तीन-चार तंतू टाकले तर सहा ते आठ मिलिग्रॅम झाले. चाचण्यांत केशर गोळीच्या रूपाने, याच्या कितीतरी पट मात्रेत दिले जाते आणि तरीही त्यांचे निष्कर्ष सावध भाषेतच मांडलेले असतात. उंदराच्या सांध्यावरून माणसाच्या गुडघ्याचा निर्णय करणे हेही घाईचेच आहे.

मग श्रीनगरच्या त्या आजीला बरे का वाटते? तिच्या सकाळीकडे नीट पाहिले तर उत्तर पेल्याच्या आसपास विखुरलेले दिसते. ती उठते तीच मुळी उबेत. जुन्या, ऐपतदार घरांत ‘हमाम’ नावाची खोली असते. तिची जमीन दगडी फरशीची, फरशीखाली पोकळी, पोकळीत लाकडे पेटवलेली. फरशी तासन्‌तास तापलेली राहते. घरातील वृद्ध हिवाळाभर याच खोलीत बसतात, जेवतात, झोपतात. मशिदींनाही असे हमाम असतात आणि नमाजानंतर म्हातारी मंडळी तिथे पाठ शेकत, गप्पा मारत रेंगाळतात. हमाम नसेल तिथे लोखंडी बुखारी. अंगात पायघोळ फेरन आणि फेरनच्या आत कांगडी, म्हणजे वेताच्या विणीत बसवलेले निखाऱ्याचे मातीचे बोळके. चिनाराच्या वाळक्या पानांचा कोळसा त्यासाठी शरद ऋतूतच करून ठेवतात. या कांगडीने पिढ्यान्‌पिढ्यांचे गुडघे शेकले आहेत, आणि तिच्या सततच्या धगीने पोट-मांड्यांच्या त्वचेला होणाऱ्या कर्करोगाला ‘कांगडी कॅन्सर’ असे नावही देऊन ठेवले आहे. त्यामुळे काश्मिरी उबेचे सरसकट गोडवे गाण्यात अर्थ नाही.

अशा शेकलेल्या शरीरात कहवा जातो. थंडीने आखडलेले स्नायू उष्णतेने सैल होतात, सांध्याभोवतीचा ताठरपणा उतरतो, हे कोणत्याही गरम पेयाने आणि गरम फरशीने होते. पेल्याला कान नसतो. ‘खोस’ नावाचा तो बिनकानी पेला दोन्ही तळव्यांत धरूनच प्यावा लागतो, त्यामुळे दुखरी बोटे आपोआप शेकली जातात. शिवाय तो एकट्याने प्यायचा नसतो. समोवार एकदा पेटला की सून, नातवंडे, शेजारीण सगळी भोवती जमतात आणि आजीला चार वेळा उठून हातातून हातात पेले द्यावे लागतात. ज्या गुडघ्याने उठायला नकार दिला होता, तोच अर्ध्या तासात घरभर फिरू लागतो. दुखणाऱ्या सांध्याला हालचालीइतके उपकारक दुसरे फारसे काही नाही, हे अस्थिरोगतज्ज्ञही सांगतात. दुकानदार ते पाकिटात घालून विकू शकत नाही, यात त्याचा दोष नाही.

श्रीनगरहून जम्मूच्या दिशेने निघाले की सुमारे १५ किलोमीटरवर पांपोर लागते. राजतरंगिणीतील पद्मपूर ते हेच. नवव्या शतकात पद्म नावाच्या अधिकारी पुरुषाने ते वसवले. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ‘करेवा’ म्हणजे प्राचीन सरोवराच्या गाळाची उंच सपाट पठारे पसरलेली आहेत. वर्षातले बहुतेक महिने ती उजाड, मातकट दिसतात. ऑक्टोबरच्या अखेरीस दोन-तीन आठवडे मात्र त्यांच्यावर जांभळी फुले उमलतात. पहाटे, ऊन चढण्याआधी, कुटुंबेच्या कुटुंबे वाकून ती खुडतात. वाकणारी पाठ आणि मुडपलेले गुडघे येथेही आहेतच. गुडघेदुखीवर म्हणून विकल्या जाणाऱ्या द्रव्याची वेचणी करताना किती गुडघे दुखावतात, याचा हिशेब कोणी ठेवत नाही.

या मातीशी जैन परंपरेचा संबंध जुना आहे. ‘काश्मीर’ आणि ‘काश्मीरज’ ही संस्कृतात केशराचीच नावे. मूर्तिपूजक श्वेतांबरांच्या नवांगी पूजेत चंदनासोबत उगाळले जाते ते केशर, आणि श्रवणबेळगोळच्या महामस्तकाभिषेकात गोमटेश्वरांच्या मस्तकावरून जे द्रव्यांचे प्रवाह उतरतात त्यांत केशराचाही एक असतो. पांपोरजवळच्या खोनमोह गावचा कवी बिल्हण अकराव्या शतकात दक्षिणेत, कल्याणीच्या चालुक्य दरबारी, विद्यापती झाला आणि तिथे बसूनही त्याने आपल्या जन्मभूमीच्या केशराचा अभिमान मिरवला. त्यानंतर थोड्याच काळाने गुजरातेत हेमचंद्राचार्यांनी सिद्धराज जयसिंहाच्या इच्छेवरून व्याकरण रचायला घेतले, तेव्हा आधारासाठी आठ व्याकरणग्रंथ काश्मीरच्या शारदेच्या ग्रंथभांडारातून मागवले, असे प्रभावकचरितात येते. मोगल काळात उपाध्याय भानुचंद्र अकबराबरोबर काश्मीरला गेले होते आणि शत्रुंजयाच्या यात्रेकरूंवरील कर माफ करवण्याची विनंती त्यांनी तेथेच केली, असे जैन चरित्रग्रंथ सांगतात. पायी विहार करणाऱ्या साधूंनी पीरपंजाल ओलांडून जावे आणि बादशहाकडे स्वतःसाठी काही न मागता दूरच्या एका डोंगराच्या यात्रेकरूंसाठी मागावे, ही घटना पांपोरच्या पठारावर उभे राहिले असता आठवल्यावाचून राहत नाही.

केशराची आजची स्थिती चिंतेची आहे. १९९० च्या दशकाच्या मध्यास साडेपाच हजार हेक्टरांहून अधिक क्षेत्रावर असलेली ही लागवड पुढील पंधरा वर्षांत पावणेचार हजारांच्या खाली आली. ऑगस्ट-सप्टेंबरचा पाऊस वेळेवर न पडणे, जुने कंद न बदलणे, घरांनी आणि रस्त्यांनी गिळलेली जमीन, अशी तिची कारणे. २०१० मध्ये केंद्र सरकारने केशर अभियान सुरू केले, २०२० मध्ये काश्मिरी केशराला भौगोलिक मानांकन मिळाले. तरी बाजारात पांपोरच्या नावाने जे विकले जाते ते सगळे पांपोरचे नसते, आणि कित्येकदा केशरही नसते. रंगवलेले मक्याचे केस आणि करडईच्या वाळलेल्या पाकळ्या हे भेसळीचे नेहमीचे प्रकार. सोलापूर-मराठवाड्यातील शेतकऱ्याला तेलासाठी ठाऊक असलेल्या करडईचे फूल असे परदेशी वेष घेऊन पुन्हा त्याच्याच घरी, सोन्याच्या भावाने, परत येऊ शकते. खरे केशर कोमट पाण्यात टाकले असता रंग सावकाश सोडते, पाणी सोनेरी पिवळे होते आणि तंतू लालच राहतो. त्याला गोड वास येतो, पण चव किंचित कडवट असते. टाकताक्षणी लालभडक रंग सोडणारे आणि जिभेवर गोड लागणारे केशर नव्हे.

केशराच्या शेतांपासून फार दूर नसलेल्या उतारांवर, हिवाळा सरता सरता, बर्फ वितळत असताना आणखी एक फूल जमिनीलगत उमलते. ते पिवळे असते. काश्मिरी लोक त्याला ‘विरकिम पोश’ म्हणतात आणि वसंताची पहिली खूण म्हणून त्याचे कौतुक करतात. दिसायला ते केशराच्या फुलाच्या नात्यातले वाटते, पण कुळ वेगळे. युनानी हकीम ज्याला ‘सुरंजान तल्ख’ म्हणतात तो याचाच कंद. सांध्यांच्या दुखण्यावर, विशेषतः वातरक्तावर, म्हणजे ज्यात पायाचा अंगठा रात्रीतून सुजून लाल होतो त्या विकारावर, हकिमांनी तो शतकानुशतके वापरला. त्यातील कोल्चिसीन हे द्रव्य आजही त्याच विकारावर डॉक्टर लिहून देतात. काश्मीरच्या भूमीने सांध्यांना खरेच औषध दिले असेल तर ते या कंदात आहे. पण तो विषारी आहे. औषधाची मात्रा आणि विषाची मात्रा यांतील अंतर इतके थोडे की जाणत्याच्या देखरेखीशिवाय त्याला हात लावणे म्हणजे जिवाशी खेळ. कंदत्यागाचे व्रत पाळणाऱ्याला हे कोणी वेगळे सांगायला नको, परंतु ‘काश्मिरी जडीबुटी’ म्हणून पुड्या विकणाऱ्यांकडून काही घेताना हे स्मरणात असलेले बरे.

गुडघ्यांची सगळी दुखणी एकच नसतात, आणि कहव्याच्या कीर्तीमुळे होणारे खरे नुकसान येथे संभवते. वयोमानाने झिजलेला गुडघा चढता-उतरताना दुखतो आणि विसाव्याने शमतो. त्याला वजन उतरवणे आणि मांडीच्या पुढच्या स्नायूंना बळ देणे या दोन गोष्टींचा आधार लागतो, कहवा त्या जोडीला आनंदाने घ्यावा. परंतु दोन्ही हातांच्या बोटांचे लहान सांधे सुजत असतील, सकाळचा ताठरपणा तासाहून अधिक रेंगाळत असेल, अंगात कणकण आणि थकवा असेल, तर तो आमवात असू शकतो. त्यात शरीराची प्रतिकारशक्तीच सांध्यांवर उलटते आणि पहिल्या काही महिन्यांत उपचार सुरू झाले तर सांधे वाचवता येतात. ते महिने ‘आणखी एक पाकीट पिऊन पाहू’ म्हणण्यात गेले, तर वाकडी झालेली बोटे पुन्हा सरळ होत नाहीत. संयमी स्वभावाच्या, दुखणे बोलून न दाखवणाऱ्या, तप करण्याची सवय असलेल्या बायकांच्या बाबतीत हा धोका अधिक, कारण सोसणे त्यांना येते. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असणाऱ्यांनी केशर-दालचिनीचे काढे रोज आणि सढळपणे घेण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे. पंडुरोग असणाऱ्यांनी कोणताही चहा जेवणाला लागून घेऊ नये, कारण अन्नातील लोह शरीरात मुरण्यात तो अडथळा आणतो.

राहिला आचाराचा प्रश्न. रस्त्यावरच्या आणि उपाहारगृहांतील कहव्यात गोडीसाठी पुष्कळदा मध घालतात आणि अनेक तयार मिश्रणांच्या पाकिटांवर तर मधाची शिफारसच छापलेली असते. मद्य, मांस, मधु यांचा त्याग हा श्रावकाच्या आचाराचा पाया, तेव्हा पेला हाती घेण्यापूर्वी विचारून घेणे आवश्यक. विचारल्यावर काश्मिरी माणूस वाईट मानत नाही, “शहद नहीं, चीनी?” एवढेच म्हणून दुसरा पेला भरतो. आल्याची अडचण मात्र तेथे फारशी येत नाही. काश्मिरी स्वयंपाक ओल्या आल्यापेक्षा सुंठीवर आणि बडीशेपेच्या पुडीवर चालतो. पंडितांच्या पारंपरिक स्वयंपाकात तर कांदा-लसूणही नसतो, मांस मात्र असते, हे विसरू नये. ओल्या कंदांचा त्याग करणाऱ्या घरांतही सुंठ चालते, त्यामुळे चिमूटभर सुंठ घातलेला कहवा हा जैन घराला परका वाटत नाही. उरते ती वेळ. जूनमध्ये श्रीनगरात सूर्य पावणेआठच्या सुमारास मावळतो, त्यामुळे उन्हाळी सहलीत चौविहार पाळणाऱ्याला संध्याकाळचा पेला निवांत मिळतो. हिवाळ्यात गेलेल्याने मात्र घड्याळाकडे पाहावे. सकाळी नवकारशीपर्यंत थांबायचे तर सव्वाआठ-साडेआठ होतात आणि दुपार सरते न सरते तोच दिवस संपतो.

घरी कहवा करायला समोवार लागत नाही. चार पेल्यांना साडेचार पेले पाणी घेऊन त्यात तीन-चार ठेचलेले वेलदोडे, बोटाच्या पेराएवढी दालचिनी, एखादी लवंग आणि चिमूटभर सुंठ घालून ते मंद आचेवर दहा मिनिटे उकळू द्यावे. केशराचे बारा-पंधरा तंतू थोड्या कोमट पाण्यात आधीच भिजत घालावेत. मग आच बंद करून चमचाभर हिरव्या चहाची पाने टाकावीत. काश्मिरातही पुष्कळशी पाने कांगड्याहून येत, ती येथेही मिळतात. दोन मिनिटांहून अधिक झाकून ठेवल्यास चहा कडू होतो. गाळून केशराचे पाणी मिसळावे, बेताची खडीसाखर घालावी, मधुमेह असल्यास तीही नको, आणि पेल्यात बदामाचे काप टाकून वरून ओतावा. दूध घालण्याचा मोह आवरावा. त्याने चहा बिघडत नाही, पण तो कहवा राहत नाही.

सांगलीकडच्या एखाद्या घरात डिसेंबरच्या संध्याकाळी पाचच्या सुमारास हे पातेले शेगडीवर चढते. तिथे हमामाची फरशी नाही, कांगडी नाही, थंडीही काश्मीरच्या मानाने लुटुपुटूचीच. मसाल्याला उकळी येईपर्यंतची जी दहा मिनिटे असतात, तेवढ्यात आजी स्वयंपाकघरातील खुर्चीवर बसून एकेक पाय समोर ताठ उचलते, पाचपर्यंत मोजते, खाली ठेवते. व्यायाम शिकवणाऱ्या मुलीने सांगितलेले हे पंधरा-पंधरा वेळा करायचे असते आणि एरवी त्याचा कंटाळा येतो. पातेल्याकडे नजर ठेवून केले की होऊन जाते. सून म्हणते, “आई, चौदा झाले, पंधरा नाही.” आजी पुन्हा एकदा पाय उचलते. मग पेले भरले जातात. कान असलेले पेले बाजूला ठेवून मुद्दाम बिनकानाच्या वाट्या काढलेल्या असतात. दोन्ही तळव्यांत धरून, बाहेर ऊन आहे तोवर, कहवा संपतो. वाट्या विसळल्या जातात, आणि आजी आसन खाली न घालता खुर्चीवरच घालून सामायिकाला बसते.